धुरकट दिव्यांचा हंगाम

पंधरा दिवसांपूर्वी एका सकाळी दोरीवरच्या पांढऱ्या शर्टावर बारीक काळे कण दिसले आणि मला कळलं, कारखाना सुरू झाला. गंगाखेडला साखरेच्या हंगामाची वर्दी अशीच मिळते. पेपरात फोटो येण्याआधी चिमणीतून उडालेली काजळी धुण्यावर येऊन बसते. ती झटकायची नसते, फुंकायची असते. झटकली की कापडावर काळी रेघ ओढली जाते. माझी बायको शोभा एकेक कपडा तोंडासमोर धरून फुंकत होती आणि स्वतःशीच म्हणत होती, "आले बाई पाहुणे." मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो. चहा गार झाला तरी उभाच होतो.

मळीचा आंबूस वास मला लहानपणापासून आवडतो, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. लोक नाकाला रुमाल लावतात. मला त्या वासाबरोबर ऊस सोलताना फाटलेले ओठ आठवतात, उसाच्या वाळल्या पानांत, पाचटात लोळल्यावर अंगभर सुटलेली खाज आठवते, ट्रॉलीमागं पळत जाऊन ओढून काढलेला आणि म्हणूनच जास्त गोड लागलेला ऊस आठवतो. पूर्वी हा हंगाम आला की माझी भूक वाढायची. गेल्या वर्षापासून मात्र हाच वास आला की ताटातली अर्धी भाकरी तशीच राहते. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जावं ते कळत नाही. फळ्यावर अर्धं वाक्य लिहून मी खिडकीशी जातो. पोरांना वाटतं, सर विचार करायलेत. सर रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या गाड्या बघत असतात.

मी गंगाखेडपासून वीसेक किलोमीटरवरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. जायला-यायला एक जुनी पांढरी गाडी आहे, दुसऱ्याकडून घेतलेली. घेतली तेव्हाच तिच्या पुढच्या दिव्यांवर पिवळट सावली होती. पुढं ती दाट होत गेली. शेजारी चिडवायचे, "सर, गाडीला मोतीबिंदू झालाय, शिबिरात न्या." मीही हसायचो. दिवे लागतात ना, मग झालं, असं माझं एकंदर धोरण.

शोभाचं धोरण तसं नाही. तिला मळकट वस्तू बघवत नाही. आमच्याकडे अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं आणि चुलीत कापसाच्या पळाट्या, म्हणजे वाळलेल्या काड्या जळतात. त्यांची राख मऊ असते. शोभा ती फडक्यातून चाळून डब्यात भरून ठेवते. आमच्या घरातली समई, घंटा, पितळी तांब्या त्या राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं असे लखलखतात की आल्यागेल्याची नजर आधी देव्हाऱ्यावर जाते. दसऱ्याला गाडीची पूजा. पूजेआधी गाडीला अंघोळ. मग गाडीच्या दिव्यांनीच काय पाप केलं होतं? तिनं तेही राखेनं घासले. ओले होते तोवर छान दिसले, वाळल्यावर पुन्हा धुरकट. म्हणून पुढच्या दसऱ्याला तिनं जास्त जोर लावला. असे चार दसरे झाले. गल्लीतल्या आणखी दोन गाड्यांचे दिवे याच पद्धतीनं घासले जात होते, कारण राखेचा डबा शोभानंच त्यांच्याकडे पोचवला होता.

आता ती संध्याकाळ. गेल्या वर्षी हंगाम ऐन भरात असताना मी शाळेतून परत येत होतो. सूर्य नुकताच बुडाला होता. रस्ता दिसत होता, कडेच्या बाभळी दिसत होत्या, पुढं चाललेली उसाची बैलगाडीही दिसत होती. मी दिवे लावले होते ते सवयीनं. दिसत होतं, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतोय.

त्या आठवड्यात उशिरा निघालेल्या एका छोट्या दिवाळी अंकात माझा लेख आला होता. त्याच्या पानांचे फोटो मी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले होते, वर "सहज" असा शब्द लिहून. गाडी चालवताना फोन मांडीवर होता. तो वाजला. कुणीतरी लिहिलं होतं, "अप्रतिम सर." त्याखाली आणखी कुणाचं तरी काही येत होतं. कोण आहे, काय म्हणतोय, एवढंच बघायला मी मान खाली घातली. मान वर केली तेव्हा समोरच्या काचेत ऊसच ऊस होता.

मी गाडी उजवीकडे ओढली. डावा बंपर बैलगाडीच्या चाकाला बसला. बैल वाचले. गाडी एका अंगाला कलली, मोळ्या घसरल्या, आणि मोळ्यांवर बसलेली बाई त्यांच्याबरोबर खाली आली. तिचं नाव कौसाबाई. तिचा नवरा दगडू पुढं बैलांजवळ होता. जिंतूरकडून ऊस तोडायला आलेलं हे जोडपं. कौसाबाई रस्त्यावर बसून उजवं मनगट डाव्या हातात धरून होती आणि तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. तिनं ओरडायला हवं होतं असं मला वाटत राहिलं. तिच्या न ओरडण्याची मला जास्त भीती वाटली.

माणसं जमली. गाड्या थांबल्या. कुणीतरी माझ्या गाडीच्या पुढं वाकून बघितलं आणि म्हणालं, "अरे, लाइटी बघा की सरच्या. ह्या लाइटीत काय डोंबल दिसणार?" सगळे वाकून बघायला लागले. दिवे खरंच वाईट होते. धडकेनं त्यांना ओरखडाही आला नव्हता, ते आपले जुन्या धुरकटपणानं जळत होते. "दिसलंच नसंल सरला," दुसरा म्हणाला. दगडू बैलांना गोंजारत होता. तो म्हणाला, "आमचीबी चूक हाय सर. मागं लाल कापड बांधायचं ऱ्हायलं." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. खोटं असं मी एक अक्षर बोललो नाही. फक्त मान हलवली.

कौसाबाईला माझ्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर झालं. ऊसतोडीत नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता धरतात. दोघांपैकी एकच असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. दवाखान्याच्या पायरीवर बसून दगडू म्हणाला, "आमचा कोयता अर्धा झाला, सर." त्यात राग नव्हता. आज पाऊस पडतोय म्हणावं तसं तो म्हणाला. मला त्याची एखादी शिवी परवडली असती.

दुसऱ्या दिवशी गाडी बघायला सलीमभाई मेकॅनिक घरी आला. बंपरचं काम त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. मग दिव्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "क्या सर, राख मारली का याच्यावर?"

शोभा दारातच होती. ती म्हणाली, "हो. दरसाल. मीच घासते. का हो?"

"वैनी, ही काच न्हाई. प्लास्टिक हाय. वरून कंपनीचा पातळ थर असतो, उन्हापासून वाचवायला. राखेनं तोच निघाला. थर गेला की आतलं पिवळं पडतंय. मग उजेड आतल्या आतच ऱ्हातो."

"म्हणजे माझ्यामुळं?"

"तसं न्हाई वैनी, उन्हानंबी होतंच की," सलीमभाई म्हणाला. पण तिनं पुढचं ऐकलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात माझ्यावर काडीचा संशय नव्हता. उलट ती माझी माफी मागत होती. मी तिथंच बोलायला पाहिजे होतं. अंगणात तिघंच होतो, सकाळची वेळ होती, फोन माझ्या खिशात होता. मी सलीमभाईला विचारलं, "बंपर किती दिवसांत होईल?"

त्या दिवसापासून शोभा दिव्यांमागं लागली. आधी कुणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्टनं घासले. दिवे चमकले, घरभर पुदिन्याचा वास सुटला, आठवड्यात पुन्हा जैसे थे. मग ती सलीमभाईकडे जाऊन बसली आणि सगळी रीत शिकून आली. तो म्हणाला होता, मशीन आणतो, दहा मिनिटांत करून देतो. ही म्हणाली, "मी खराब केलेत, मीच नीट करीन."

रविवारी तिनं दिव्यांभोवती पत्र्यावर निळी चिकटपट्टी लावली, रांगोळीच्या कडा काढाव्यात इतकी सरळ. बादलीत पॉलिश पेपर भिजत घातले. आधी आठशे नंबरचा खरखरीत, मग पंधराशे, मग दोन हजारचा मऊ. पाटावर बसून ती घासायला लागली. दिव्यावरून पिवळट पाणी ओघळायला लागलं. ते पाणी पिवळं असेल तोवर जुना मळ निघतोय, पांढरं झालं की पुढचा नंबर घ्यायचा, असं तिनं मला समजावलं. मी खुर्ची टाकून शेजारी बसलो होतो. एका क्षणी तिनं दिवा पुसला आणि मी खुर्चीतून उठलो. दिवा आधीपेक्षा वाईट दिसत होता, पार पांढरा, आंधळा. "अगं, घालवलास की!" मी ओरडलो.

"घालवला नाही. मधे असाच दिसतो. सबर करा जरा."

मग दोन हजारचा पेपर, मग चकाकी आणणारं रबिंग कंपाउंड, मग जुन्या बनियनचं फडकं. अर्ध्या तासानं प्लास्टिकच्या आतला बल्ब स्वच्छ दिसायला लागला. शोभाच्या हाताची बोटं पाण्यानं सुरकुतली होती, उजव्या तर्जनीची साल निघाली होती. ती एवढंच म्हणाली, "आता कुणाला लागायचं नाही." मी म्हणालो, "शोभा, ऐक ना." ती म्हणाली, "आता नको, दुसरा करू द्या, नंबर चुकंल." आणि मला हायसं वाटलं. आपल्या अंगात किती हलकटपणा आहे हे माणसाला अशा हायसं वाटण्यातून कळतं.

नंतर दोनदा तरी मी बोलायच्या बेतात आलो. एकदा ती भाकरी थापत होती, एकदा आम्ही बाजारातून येत होतो. दोन्ही वेळेला मी भलतंच काहीतरी बोललो. एकदा तर शाळेच्या स्नेहसंमेलनाचं. वर्षभर मी घरात फार चांगला वागलो. भाजी निवडून दिली, तिच्या माहेरच्या लग्नाला आधीच्या दिवशी गेलो, रागावलो नाही. तिला वाटलं, अपघातानं माणूस निवळला. चांगलं वागण्यात इतकी अस्वस्थता असू शकते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेच्या ग्रुपवर माझ्या लेखाखाली अंगठे येतच होते. मी ग्रुपचा आवाज बंद केला. एवढीच काय ती शिक्षा स्वतःला करून घेतली.

त्या हंगामात शोभा एक दिवसाआड ऊसतोड्यांच्या कोप्यांवर जायची. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची, वाकून आत शिरायची झोपडी. रस्त्याच्या कडेला अशा चाळीसेक कोप्या होत्या. ती डबा न्यायची, आणि एका हातानं वेणी घालता येत नाही म्हणून कौसाबाईचे केस विंचरून द्यायची. एकदा मीही बरोबर होतो. कौसाबाई कोपीच्या दारात बसलेली, शोभा मागं गुडघ्यावर, तोंडात रिबिनीचं टोक. विंचरता विंचरता शोभा म्हणाली, "माझ्यामुळं झालं गं हे सगळं. चांगलं करायला गेले आन् दिवे आंधळे केले." कौसाबाईनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "जाऊ द्या ताई. गाडी म्हणल्यावर होतंय." मी शेजारच्या बैलांचं कौतुक करायला लागलो.

शिवरात्र झाली, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं. टोळ्या गेल्या. कोप्यांच्या जागी चुलींचे काळे ठिपके आणि पाचट उरलं. त्या रस्त्यानं जाताना मला सुटल्यासारखं वाटलं. उन्हाळ्यात दिव्यांवर पुन्हा झाक आली. सलीमभाई म्हणाला, घासून भागत नाही, वरून लॅकरचा पारदर्शक थर मारावा लागतो, तोही टिकला तर टिकला. शोभानं लॅकरही मारला. पावसाळ्यानंतर तो कडेनं पोपडे धरायला लागला. प्रत्येक वेळी ती नव्यानं चिकटपट्टी लावायची. दसऱ्याला तिनं गाडीच्या काचांनाही राख लावली नाही. समई घासतानासुद्धा तिचा हात मला हळू झालेला वाटला.

आणि आता पुन्हा हंगाम. काजळी आली त्याच्या दुसऱ्या दिवशीच त्या रस्त्यावर कोप्या उभ्या राहायला लागल्या. मी रोज जाताना येताना गाडी हळू करून बघायचो. मला ते दोघं दिसायला हवे होते आणि दिसू नयेत असंही वाटत होतं. गेल्या रविवारी सकाळी दिसले. टोळीला काही कारणानं तोड मिळालेली नव्हती, सगळे कोप्यांवर होते. दगडू बैल धुवायला ओढ्यावर गेला होता. कौसाबाई कोपीसमोर बसून दगडावर कोयता घासत होती, उजव्या हातानं. मनगट किंचित वाकडं जुळलेलं दिसत होतं.

"या सर," ती म्हणाली. "बसायला काय देऊ?"

मी खालीच बसलो. हात कसा आहे विचारलं. थंडीत ठणकतो, पण कोयता चालतो, म्हणाली. तिनं पुन्हा कोयता घासायला घेतला. शेवटी मी म्हणालो, "कौसाबाई, त्या दिवशी दिव्यांचं काही नव्हतं."

"ठावं हाय," ती म्हणाली. कोयता थांबवलासुद्धा नाही.

"काय ठाऊक आहे?"

"मी उसावर मागं तोंड करून बसलते. तुमाला लांबून बघायलते. तुमी खाली मान घालून हुता. तोंडावर मोबाइलचा उजेड पडला हुता. मी वरडले बी. हात केला. तुमी हसायलते, सर."

मी हसत होतो, हे मलाच माहीत नव्हतं. तिच्या कोपीच्या दारात बसून मला ते कळलं आणि मान वर करवेना. मी विचारलं, "मग बोलला का नाहीत? तिथंच? सगळ्यांसमोर?"

"त्या टायमाला हाताचंच पडलं हुतं. मंग ताई यायला लागल्या. डबा आणायच्या, डोस्कं विंचरायच्या. मी सांगितलं असतं तर त्या शरमेनं आल्या नसत्या. आन् मला त्या यायला पायजे हुत्या. हितं माझं कोण हाय?" तिनं कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. "माझं निभावलं, सर. पर परवा ताई आल्त्या. ह्या वाकड्या हातावर हात ठिवून रडल्या. अजून त्येच, माझ्यामुळं झालं म्हणून. मला लय वंगाळ वाटलं. आता मी गप ऱ्हायले तर माझंबी पाप हुतंय. तुमी सांगता का मी सांगू?"

शोभा परवा तिथं जाऊन आली होती, आणि मला तिनं सांगितलं नव्हतं. माझ्या मनाला लागेल म्हणून सांगितलं नसणार. मी उठलो. गाडीत बसलो. घर येईपर्यंत मी एकदाही तिसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. मागून हॉर्न वाजवत ट्रॅक्टर निघून गेले.

घरी आलो तर अंगणात सगळी तयारी मांडलेली. गाडी लावायच्या आधीच शोभानं पाट टाकला होता, बादलीत पेपर भिजत घातले होते. "बरं झालं आलात," ती म्हणाली. "हंगाम सुरू झालाय, दिवे आजच करून टाकते." मी गाडी उभी केली. तिनं चिकटपट्टी लावली, उजव्या दिव्यापुढं बसली आणि घासायला लागली. पिवळं पाणी ओघळायला लागलं. मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो.

"शोभा, थांब जरा."

"थांबले की वाळतंय. बोला तुम्ही."

"त्या दिवशी मला दिसत होतं. हे दिवे नवेकोरे असते तरी मी धडकलोच असतो. मी फोन बघत होतो."

तिचा हात आणखी दोन-तीन वेळा फिरला आणि मग थांबला. कोपरावरून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं, ती ओरडेल. तिनं विचारलं, "काय बघत होतात?"

अख्ख्या वर्षात मी मनात कितीतरी उत्तरं पाठ केली होती, पण हे तिनं विचारलं तर काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. मी सांगितलं. माझ्या लेखाला कुणीतरी अप्रतिम म्हणालं होतं, ते.

"कौसाबाईला माहीत आहे?"

"तिनं बघितलं होतं."

तिनं दिव्यावरचं पाणी बोटानं निपटलं. मग हळूच म्हणाली, "मी तिच्या पाया पडले हो. दोनदा." आणि नंतर, माझ्याकडे वळून, "वर्षभर मला घासू दिलंत तुम्ही?"

मी हो म्हणालो. तू घासत होतीस तोवर मला कुणी काही विचारत नव्हतं, हेही सांगितलं, कारण आता अर्धं सांगून भागणार नव्हतं. शोभा उठली. हातातला ओला पेपर तिनं माझ्या हातात दिला, साडीचा पदर सोडून हात पुसले, पायात चपला घातल्या आणि फाटकातून बाहेर पडली. कुठं चाललीस, असं मी विचारलं. तिनं मागं न बघता सांगितलं, "कौसाबाईकडं. आज मला तिच्याकडून केस विंचरून घ्यायचेत."

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी बघत होतो. मग पाटावर बसलो आणि अर्धवट राहिलेला दिवा घासायला घेतला. आठशे नंबरचा पेपर हाताला किती लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं.